पिठाच्या गिरणीतली जळमटं आणि विषाणू

सिंहस्थ जवळ येतोय तसा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर साथींचा विषय निघाला. लगेच कुणीतरी जुनाच फॉरवर्ड टाकला: विषाणू 0.1 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हवा गाळणाऱ्या हेपा फिल्टरची भोकं त्याहून मोठी, म्हणजे द्राक्षबागेवरच्या पाखरांच्या जाळीने डास अडवण्यासारखं! खाली अंगठ्यांची रांग. उपमा नाशिककराला पटणारी, पण साफ चुकीची.

याच शहरात फेब्रुवारी 2022 मध्ये आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) बीएसएल-3 दर्जाची, म्हणजे घातक जंतू बाहेर निसटू न देणारी फिरती प्रयोगशाळा सुरू झाली, देशातली पहिली. बसच्या सांगाड्यावर उभारलेली. जीवघेण्या विषाणूंचे नमुने गावापर्यंत जाऊन तपासायचे, हा तिचा उद्देश. तिच्यातून बाहेर पडणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते. फॉरवर्ड खरा असता तर ही गाडी म्हणजे चाकांवरची साथच झाली असती.

घोटाळा होतो तो फिल्टरला चाळण समजल्याने. पिठाच्या गिरणीत कधी वर पाहिलंय? कोपऱ्यातली जळमटं पिठाने पांढरीफेक होऊन लोंबत असतात. त्यांच्या भोकांतून काडेपेटीची काडी सहज जाईल, तरी डोळ्याला न दिसणारं पीठ त्यांत अडकतं. कारण कण भोकात अडकतच नाही, तो धाग्याला चिकटतो. हेपा म्हणजे काचेच्या अतिबारीक तंतूंचं गुंतवळ. कणाची तंतूशी गाठ पडली की रेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण त्याला सोडत नाही.

पण गाठ पडते कशी? हवा तंतूला वळसा घालून जाते. मोठ्या कणाला ते वळण घेता येत नाही. कसारा घाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकसारखा तो सरळ जाऊन आदळतो. त्याहून लहान कण वळतो, पण तंतूला घासून जाताना चिकटतो. आणि विषाणूएवढा चिमुकला? त्याला हवेचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात. पर्वणीला रामकुंडावर गर्दीत सापडलेल्या पोरासारखा तो कधी इकडे तर कधी तिकडे ढकलला जातो आणि कुठल्या ना कुठल्या तंतूवर धडकतो. अशी थरथर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनने 1827 साली सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातल्या कणांत पाहिली. आइन्स्टाइनने 1905 साली तिचं गणित मांडलं.

म्हणजे फिल्टरला जड जातो तो अधलामधला, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचा कण. आदळायला हलका, भरकटायला जड. म्हणून तर हेपाची परीक्षा मुद्दाम त्याच आकारावर घेतात आणि तिथे 99.97 टक्के कण अडले पाहिजेत अशी अट असते. लोक 0.3 वाचून त्याहून लहान ते सगळं सुटतं असं धरून चालतात. उलट, 0.1 चा कण जास्त चांगला अडतो! आणखी गंमत म्हणजे हवा जितकी सावकाश, तितका चिमुकल्या कणाला भरकटायला वेळ मिळतो. वेग वाढवला की तो निसटू लागतो आणि अवघड आकार 0.3 च्याही खाली सरकतो. म्हणून फिल्टरच्या कागदाला घड्यांवर घड्या घालतात: क्षेत्रफळ वाढतं, वेग उतरतो. (दुकानात ‘हेपासारखा’ लिहिलेला खोका मिळतो. त्यातल्या ‘सारखा’चे पैसे देऊ नका. गळ्यातल्या कापराच्या पुडीला तर यातलं काहीच जमत नाही.)

खरी धास्ती कडेची. फिल्टर कितीही भारी असो, चौकटीचं गॅस्केट (कडेची फट बुजवणारी रबरी पट्टी) सैल असलं तर हवा तिथूनच पळणार, गालाशी उघडा राहिलेल्या मास्कसारखी. गाडीच्या भिंतींसाठी मात्र वेगळा उपाय असतो: आतला दाब बाहेरपेक्षा कमी ठेवायचा. मग भिंतीला फट पडली तरी हवा आत येते, बाहेर जात नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये केरळातल्या कोझिकोडला निपाह हा जीवघेणा विषाणू निघाला तेव्हा अशी गाडी तिथे पाठवली होती. त्या वेळी निपाहवरच्या मोनोक्लोनल अँटीबॉडीचा (विषाणूला नेमकं पकडणाऱ्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांचा) देशातला साठा दहा रुग्णांपुरता होता, तोही 2018 साली ऑस्ट्रेलियातून आणलेला. ही औषधं लवकर द्यावी लागतात. नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जाऊन अहवाल येईपर्यंत थांबलं तर त्या दहा रुग्णांपुरत्या मात्रा कुणाला द्यायच्या हेच कळायला उशीर होतो.

2027 च्या सिंहस्थात अशी गाडी तपोवनात उभी करावी, असं माझं मत आहे. फक्त आल्या आल्या तिच्या गॅस्केटची गळती-चाचणी पुन्हा घ्या. आमचे रस्ते तिने अलीकडे पाहिलेले नसतील.