रबराच्या चादरीत काळ कुठे आहे?

नागपुरातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ताणलेल्या रबरी चादरीवर लोखंडी गोळा ठेवून, त्याच्या खळग्याभोवती कंचे फिरवून 'आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षण' दाखवले जात होते. तेव्हा आठवीतील एका मुलीने विचारले, "पण कंचे खळग्यात उतरतात, ते पृथ्वी खाली ओढते म्हणूनच ना?" प्रश्न बिनतोड होता. शिवाय त्या चादरीत केवळ अवकाश वाकते. आपल्या रोजच्या अनुभवातले गुरुत्वाकर्षण मात्र जवळजवळ सगळे काळाच्या वक्रतेतून येते.

1915 मध्ये पूर्ण झालेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार पदार्थाजवळचे घड्याळ त्यापासून दूर असलेल्या घड्याळापेक्षा संथ चालते; हीच काळाची वक्रता. अवघ्या 22.5 मीटर उंचीत पडणारा हा फरक पाउंड आणि रेब्का या भौतिकशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये मोजून दाखवला. आता नियम असा, की कोणतेही बल लागू नसलेली वस्तू दोन घटनांमधल्या जवळपासच्या सर्व मार्गांपैकी तोच धरते, ज्यावर तिच्या स्वतःच्या घड्याळात सर्वाधिक काळ नोंदला जातो.

कस्तुरचंद पार्कच्या मैदानात चेंडू सरळ वर फेकला आणि तो 2 सेकंदांनी हातात परत आला, असे समजू. हवेचा अडथळा सोडून दिला, तर तो 4.9 मीटर उंच जातो. उंचीमुळे त्याचे घड्याळ हातातल्या घड्याळापेक्षा सुमारे 0.71 फेमटोसेकंद पुढे जाते आणि वेगामुळे (वेगात असलेले घड्याळही संथ चालते) 0.36 फेमटोसेकंद मागे पडते. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. निव्वळ कमाई साधारण 0.36. मग तेवढ्याच 2 सेकंदांत चेंडू दुप्पट उंच का जात नाही? कारण उंचीची कमाई दुप्पट झाली, तरी वेगाचा तोटा वेगाच्या वर्गाप्रमाणे चौपट होतो आणि हाती शून्य उरते, म्हणजे चेंडू हातातच धरून ठेवल्याइतके. या दोहोंच्या बरोबर मधोमध, 4.9 मीटरला, कमाई सर्वाधिक असते. चेंडूला कोणी खेचत नाही. आपला हातच त्याला या मार्गापासून अडवून धरतो आणि ते अडवणे आपल्याला वजन म्हणून जाणवते.

चेंडू प्रकाशाच्या मानाने फारच मंद असल्यामुळे अवकाशाच्या वक्रतेचा वाटा येथे नगण्य राहतो. सूर्याच्या कडेने जाणाऱ्या प्रकाशकिरणाच्या बाबतीत मात्र काळाचा आणि अवकाशाचा वाटा समसमान होतो. केवळ काळ धरला तर किरण 0.87 विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) वळायला हवा. दोन्ही धरले तर 1.75 विकलांनी. 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणातली निरीक्षणे दुसऱ्या आकड्याच्या बाजूने गेली.