छोटे स्वस्त रोबो जमवण्याचा छंद

मुठीत मावतील एवढ्या, साधारण ५ ते ९ सेंमीच्या, स्वस्तातल्या रोबो फिगर गोळा करायचा हा छंद. वेड मुळात जपान आणि अमेरिकेतलं. मोठे महागडे रोबो निदान कपाटात तरी राहायचे, हे छोटे मात्र पोरांनी खिशात घालून शाळेत नेले, मातीत लोळवले, जिन्यावरून फेकले, आणि म्हणूनच एके काळी कुठेही मिळणाऱ्या या मालातला धड पीस आज शोधावा लागतो.

जपानमध्ये पोपी कंपनीने १९८२ मध्ये मशीन रोबो (दुमडलं की गाडी किंवा विमान, उलगडलं की रोबो) काढले, किंमत ६०० येन, म्हणून त्या सिरीजचं नावच ६००. हेच रोबो टोंका कंपनीने १९८३ पासून अमेरिकेत गोबॉट्स म्हणून विकले. त्यातली मोटारसायकल म्हणजे साय-किल, खलनायकांचा म्होरक्या, आणि एफ-१५ विमान म्हणजे लीडर-वन. गोबॉट्स म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सची गरिबांची कॉपी असं अजून सर्रास बोललं जातं, ते साफ चूक आहे, अमेरिकेत गोबॉट्स आधी आले, ट्रान्सफॉर्मर्स १९८४ चे. गंमत म्हणजे १९९१ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स विकणाऱ्या हॅस्ब्रोने टोंकाच विकत घेतली.

ट्रान्सफॉर्मर्समधले सगळ्यात स्वस्त ते मिनीबॉट्स. मूळ ताकारा या जपानी कंपनीच्या मायक्रोमॅन या खेळण्यांच्या मालिकेतले. १९८४ ला सहा आले: बंबलबी, क्लिफजंपर, ब्रॉन, गिअर्स, हफर, विंडचार्जर. हात बाजूने ओढायचे, पाय खाली खेचायचे, झाला रोबो, पाचेक वर्षांच्या पोरालाही कागद न बघता जमतं, आणि माझ्या मते एवढ्या कमी भागांत गाडी आणि माणूस दोन्ही ओळखू येणं हे मोठ्या रोबोंपेक्षा अवघड काम आहे. बंबलबी पिवळा आणि क्लिफजंपर लाल हे आपल्या डोक्यात पक्कं असतं, पण दोघंही दोन्ही रंगांत विकले गेले, त्यामुळे लाल बंबलबी बघून लगेच नकली म्हणू नका. त्यात भर म्हणजे पॅकिंगच्या काही कार्डांवर चक्क तिसरीच गाडी निघाली, माझदा फॅमिलिया, पॅकिंगवर तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही, कलेक्टर लोकांनीच तिला बंबलजंपर म्हणायला सुरुवात केली. १९८५ पासून अंगावर उष्णतेने रंग बदलणारा स्टिकर आला, बोटाने घासला की रोबो नायकांच्या बाजूचा की खलनायकांच्या ते दिसतं, जुन्या पीसवर हा स्टिकर बऱ्याचदा मेलेला असतो.

या सहा जणांसोबत बंदूक वगैरे काही नव्हतंच, म्हणजे हरवायला काही नाही. डब्याशिवाय सुटा घेतला तरी तो पूर्ण. कमी पैशात सुरुवात करणाऱ्याला याहून सोपं काही नाही.

जपानमधला दुसरा प्रकार गाशापॉनचा. बांदाईने १९७७ पासून कॅप्सूलची मशीन लावली, नाणं टाका, दांडा फिरवा, जे पडेल ते आपलं. १९८५ पासून त्यातून गुटगुटीत गुंडाम (जपानी कार्टूनमधले रोबो) पडायला लागले, एकाच रंगाचे, एकही जॉइंट न हलणारे, आणि जपानी पोरांनी ते ढिगाने जमवले. नंतरच्या काळात ट्रान्सफॉर्मर्सचे बॉटबॉट्सही (२०१८) काही प्रमाणात असेच, आत काय आहे ते फोडल्यावर कळणार. डबल आले की अदलाबदल.

जुना माल घेताना धातूवरचा उडालेला रंग, गंजलेली पिन आणि पांढरं प्लास्टिक पिवळं पडलंय का हे बघायचं. बॉल जॉइंट, म्हणजे खोबणीत फिरणारा गोळा, ढिला झाला असेल तर गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात मारायचा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायचा, घाई केली तर जॉइंट कायमचा चिकटतो.

भारतात खरी अडचण किमतीची. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, शिवाय २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा. त्यामुळे अमेरिकेत स्वस्तात मिळणारा कोअर क्लासचा (ट्रान्सफॉर्मर्समधल्या छोट्या आकाराचा) रोबो इथे येईपर्यंत स्वस्त राहत नाही, आणि लोक जत्रेतले, रस्त्यावरचे बिननावाचे रोबोच घेतात. काही जण तर मुद्दाम फक्त तेच जमवतात.