वाढवणचा कातळ, ओहोटीची वाट आणि होऊ घातलेलं बंदर

डहाणू तालुक्यातल्या वाढवण-वरोरच्या किनाऱ्यावर चालायचं तर घड्याळाआधी तिथी बघावी लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी पाच मीटरच्या घरात चढउतार करतं, आणि सकाळ-संध्याकाळच्या ओहोटीला काळा कातळ पार लांबपर्यंत उघडा पडतो. मग लोक पायीच समुद्रात शिरतात, कालवं फोडतात, चिंबोऱ्या शोधतात. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे चढउतार कमी, तेव्हा पाणी तेवढं मागे जातच नाही आणि अर्धी वाट पाण्याखालीच राहते.

हा कातळ नुसता दगड नाहीये. वरच्या भागात दिवसातले बरेच तास उन्हात तापणं सहन करणाऱ्या गोगलगायी, त्याखाली कालवं, आणि अगदी खाली, जिथून पाणी थोडाच वेळ हटतं तिथे स्पंज, समुद्रफुलं, खेकडे. दगडातल्या खळग्यांत पाणी साचून राहतं, त्यात माशांची पिल्लं वाढतात. कोण कुठे राहणार हे ठरतं ते पाणी किती वेळ असतं आणि लाट किती जोरात आपटते यावर.

आता इथे येतंय वाढवण बंदर. 30 ऑगस्ट 2024 ला भूमिपूजन झालं, खर्च 76 हजार कोटींच्या वर, समुद्रात 1,448 हेक्टर भराव, म्हणजे साधारण साडेचौदा चौरस किलोमीटर नवी जमीन, आणि दहा किलोमीटरच्या वर लांबीचा ब्रेकवॉटर, म्हणजे समुद्रातला बांध. मोठ्या कंटेनर जहाजांना लागतं तसं खोल पाणी इथे किनाऱ्यापासून फार लांब नाही म्हणून ही जागा निवडली, ते कारण खरंच आहे. पण हाच डहाणू तालुका 1991 मधे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, आणि 1998 मधे डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने इथलं बंदर नाकारलं होतं, 2023 मधे मात्र परवानगी दिली.

ब्रेकवॉटरचं कामच लाट अडवणं. त्याच्या आडोशाला पाणी शांत होतं, जहाजांना तेच हवं असतं. पण खंभातच्या आखाताकडचं हे पाणी मुळात गढूळ, त्यात बारीक गाळ तरंगत असतो आणि तो खाली बसत नाही कारण लाटा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह त्याला सतत ढवळत राहतात, तो जोर कमी झाला की गाळ बसणार, आणि कुठे बसणार तर शांत जागी. कालवं पाणी गाळून खातात, गाळाचा थर चढला की त्यांची पिल्लं चिकटायला स्वच्छ दगडच उरत नाही. म्हणजे एकही सुरुंग न लावता, एकही कुंपण न घालता चालायचा कातळ चिखल होऊ शकतो.

पूर्व किनाऱ्यावर असे बदल झालेत. चेन्नईचं बंदर 1876 पासून बांधायला घेतलं, तिथे वाळू वर्षभरात एकूण हिशेबाने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, ती बंदराच्या भिंतीला अडली. दक्षिणेला मरीना बीच रुंद होत गेला, आज लोक संध्याकाळी फिरतात ती बरीचशी वाळू अशी साठलेली आहे, आणि उत्तरेला रोयापुरमकडे समुद्र आत आला. पुदुच्चेरीतही 1980 च्या दशकाच्या शेवटी बंदराचे बांध घातले आणि शहरासमोरचा वाळूचा किनारा गेला, उरली दगडांची भिंत.

वाढवणला अगदी तसंच होईल असं मी म्हणत नाही. तिथे वाळूचा खेळ होता, इथे कातळ, गाळ आणि मोठी भरती. पण दोन्हीकडे बदल बांधकामाच्या हद्दीत थांबत नाही, तो पाण्याबरोबर शेजारच्या गावांत जातो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. शिवाय जमिनीवर महामार्गापर्यंत 32 किलोमीटरचा रस्ता होणार आहे, त्याच्या आड येणाऱ्या पायवाटांना खालून मोऱ्या ठेवल्या नाहीत तर लोकांना मोठा वळसा पडेल.

म्हणून नोंदी आत्ताच हव्यात, भराव पुरा व्हायच्या आधी. प्रत्येक उधाणाच्या ओहोटीला कातळावरच्या त्याच ठरलेल्या खुणांपाशी फोटो, गाळाची जाडी, एका चौरस मीटरमधली कालवं मोजून लिहायची, आणि कुठल्या खळग्यात काय मिळतं हे ज्या बायकांना वर्षानुवर्षं माहीत आहे त्यांनाच त्या मोजणीचे पैसे द्यायचे.