सहीचा दिवस डिसेंबरात कसा आला: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील भरतीची पार्श्वभूमी

खेळातल्या गुणांवर शिष्यवृत्ती देणे अमेरिकी विद्यापीठांत एकेकाळी नियमबाह्य होते, हे आजची भरती पाहून खरे वाटत नाही. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या १९४८ च्या नियमावलीनुसार खेळाडूला मदत द्यायची ती मुख्यतः घरची परिस्थिती पाहून, आणि तीही फीपुरती. ही नियमावली मोडणाऱ्या सात विद्यापीठांना संघटनेतून काढून टाकण्याचा ठराव १९५० मध्ये आला, पण दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. वर्षभरात नियमावलीच गुंडाळली गेली. १९५६ पासून पूर्ण शिष्यवृत्ती खुली झाली आणि १९६४ पासून मुलाला एका विद्यापीठाशी बांधून ठेवणारे करारपत्र आले. त्यावर सह्या करण्याचा ठरलेला दिवस तो सहीचा दिवस.

शाळकरी खेळाडूंची क्रमवारी लावण्याचा धंदा ज्यामुळे फोफावला, तो बदल १९७३ चा. तोपर्यंत श्रीमंत संघ वाटेल तेवढी मुले भरत. काहींना तर केवळ प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नयेत म्हणून. आता एका संघाला १०५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आली. १९७८ मध्ये ती ९५ झाली आणि नव्वदच्या दशकात ८५ वर स्थिरावली. जागा मोजक्या झाल्यावर चुकीची निवड महागात पडू लागली, आणि कोणता मुलगा किती चांगला हे सांगणाऱ्याला गिऱ्हाईक मिळाले. सत्तरच्या दशकाअखेरीस हौशी मंडळींची वार्तापत्रे निघाली, ऐंशीच्या दशकात मासिके आणि मिनिटाला पैसे आकारणाऱ्या फोनसेवा आल्या. १९९८ नंतर सगळे इंटरनेटवर गेले.

मुलाच्या खेळाला जास्तीत जास्त पाच तारे देण्याचे मानांकन तिथेच रुजले. एका संकेतस्थळाने पंचतारांकित मुलांची संख्या ३२ च्या आसपास ठेवली, कारण व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत तेवढ्याच निवडी असतात. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला दिलेला तारा हे खरे तर चार वर्षांनंतरचे भाकीत आहे. एकूण आकडे पाहिले तर ते बऱ्यापैकी खरे ठरते. पंचतारांकित मुलगा ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची शक्यता तीन तारेवाल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. प्रश्न येतो तो उशिरा अंगाने भरणाऱ्या मुलांचा. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या छोट्या गावच्या शेतकरी घरातल्या एका क्वार्टरबॅकला (संघाची चढाई चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) शाळा संपताना मोठ्या विद्यापीठांपैकी कोणी विचारले नाही. त्याने आधी रीडलीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवले आणि अखेर वायोमिंग विद्यापीठाने दार उघडले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला. २०२४ च्या हंगामात तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अशाच मुलांच्या मुळावर २०१७ चा निर्णय आला.

त्याआधी सहीचा दिवस फेब्रुवारीचा पहिला बुधवार असे. सकाळी शाळेच्या जिममध्ये टेबल मांडलेले, त्यावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या, शेजारी आईवडील. मुलगा एक टोपी उचलून डोक्यावर चढवी आणि करारपत्रावर सही करी. वय एकवीसच्या आत, म्हणून पालकांचीही सही लागे. मग तो कागद फॅक्सने रवाना होई. तिकडे विद्यापीठात माणसे फॅक्सच्या यंत्राशी उभी असत, कारण तोंडी होकार कितीही जाहीर असला तरी कागद हाती येईपर्यंत तो कधीही फिरू शके.

मे २०१७ मध्ये डिसेंबरातही तीन दिवस सह्या घ्यायला मंजुरी मिळाली. बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. उन्हाळ्यातच निर्णय घेतलेल्या मुलाला पुढे सहा महिने इतर प्रशिक्षकांचे फोन येत राहात. लहान विद्यापीठाने वर्षभर जपलेला मुलगा जानेवारीत मोठे विद्यापीठ पळवून नेई, कारण त्यांची पहिली पसंती हुकलेली असे. कोणाला घाई नसेल त्याने फेब्रुवारीपर्यंत थांबावे, असेही सांगितले गेले.

ही मुभा कागदावरच राहिली. २० डिसेंबर २०१७ ला पहिल्या सह्या झाल्या आणि बहुतेक जागा तिथेच भरल्या. 'आता सही कर, नाहीतर जागा जाईल' असे ऐकवल्यावर कोणता मुलगा थांबणार? त्याच आठवड्यात टेक्सासमध्ये राज्य अजिंक्यपदाचे अंतिम सामने चालू होते. शेवटच्या वर्षी चमकलेल्या मुलाला कोणी नीट पाहण्याआधीच फळा पुसला गेला होता. जानेवारीतले निवडक खेळाडूंचे सामने, जिथे क्रमवारी शेवटची हलत असे, सह्या उरकल्यावर होऊ लागले.

दुसरा परिणाम प्रशिक्षकांच्या खुर्च्यांवर झाला. नव्याला डिसेंबरातल्या सह्यांआधी वेळ हवा, म्हणून जुन्याला हंगाम संपण्याआधीच नारळ देण्याची रीत वाढली. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस एक-दोन दिवसांच्या अंतराने ओक्लाहोमाचा प्रशिक्षक लॉस एंजेलिसला गेला आणि नोटर डेमचा लुइझियानाला. सह्या १५ डिसेंबरला सुरू होणार होत्या. ज्याच्या शब्दावर घरच्यांनी होकार दिला, तोच दोन आठवडे आधी निघून गेला, तर अठरा वर्षांच्या पोराने करायचे काय? निर्णय मुलांच्या नावाने झाला, सोय मात्र मोठ्यांची झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२४ मध्ये तारीख आणखी अलीकडे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणली गेली.

पुढचे सगळे त्या वेळापत्रकावर येऊन आदळले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले. २०२१ मध्ये वर्षभर खेळाबाहेर न बसता एकदा विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाली आणि १ जुलैपासून नाव-प्रतिमेतून कमाईही करता येऊ लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुने करारपत्र रद्द झाले. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना थेट मोबदला देण्याची वाट उघडली. पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. शिष्यवृत्तींची ८५ ची मर्यादा गेली आणि पथकाचीच मर्यादा १०५ झाली. त्या जागांसाठी शाळेतून निघालेल्या तीन तारेवाल्या मुलाची गाठ आता दोन-तीन वर्षे कॉलेजात खेळून पोर्टलमध्ये उतरलेल्या तयार खेळाडूंशी आहे, आणि कोणाला घ्यायचे हे ठरवणाऱ्या प्रशिक्षकाला पुढच्याच हंगामात सामने जिंकून दाखवायचे असतात.