काँक्रीटच्या ड्राइव्हवेचे पोपडे का सुटतात?

मार्चमध्ये बर्फ वितळला की इथे कॅनडात मिसिसागा-ब्रॅम्प्टनमधून आम्हाला एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. दोन वर्षांपूर्वीच ओतलेलं काँक्रीट, वरचे पोपडे निघून आतली खडी दिसायला लागली. जाऊन पाहिलं तर पोपडे बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: पुढच्या दाराची पायरी आणि गाडीची चाकं उभी राहतात ती जागा. पायरीवर बर्फ वितळावा म्हणून मीठ आपण टाकतो. चाकांखालचं हायवेवरून आलेलं असतं, मडगार्डखालच्या चिखलातून रात्रभर ठिबकत राहतं.

काँक्रीट दिसतं दगडासारखं, पण पाणी पितं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. त्याला जागा मिळावी म्हणून बाहेरच्या काँक्रीटमध्ये 5 ते 8 टक्के हवेचे बारीक बुडबुडे मुद्दाम ठेवतात. पण मिठामुळे बर्फ दुपारी वितळतो, पाणी मुरतं, रात्री पुन्हा गोठतं. आणि गंमत अशी, की अगदी खारट पाण्यापेक्षा 3-4 टक्के मिठाचं पाणीच पृष्ठभाग जास्त सोलतं. म्हणून मीठ टाकलंत तर सुटलेला बर्फ-चिखल लगेच फावड्यानं बाजूला ओढा.

उणे 10 अंश सेल्सिअसच्या खाली साधं मीठ जवळपास काम करत नाही. तेव्हा पोतं रिकामं करण्यापेक्षा वाळू टाका. बर्फ वितळवायला अमोनियम असलेलं खत तर चुकूनही नको, ते काँक्रीटच खातं. नव्या काँक्रीटला पहिला हिवाळा फक्त वाळूच.

आम्ही आत मुरणारा सिलेन-सिलॉक्सेन सीलर (काँक्रीटला पाणी पिऊ न देणारं द्रावण) मारतो. गच्ची गळली की जाड थर फासायची आपली गावाकडची सवय इथे नडते: वर चकचकीत पापुद्रा बसला की आतली ओल अडकते. सीलर मारल्यावर रंगात फारसा फरक दिसत नाही, आणि "नक्की मारलंत ना?" असं ग्राहक विचारतातच! कपभर पाणी ओतून बघा. थेंब मोत्यासारखे राहिले तर ठीक. पाणी मुरून ती जागा काळवंडली तर सीलरचा असर संपलाय.

ओतताना वर पाणी शिंपडून घोटलेलं काँक्रीट मात्र सीलरनं वाचत नाही. तसं असेल तर आम्ही पैसे न घेता तोंडावर सांगतो.

काँक्रीट किमान 28 दिवसांचं, कोरडं, आणि तापमान 10 अंशांच्या वर हवं. त्यामुळे थँक्सगिव्हिंगनंतर (इथे तो ऑक्टोबरात असतो) आम्ही सहसा काम घेत नाही. मग थेट मे महिन्यात.