सोनोग्राफीतले दाणे आणि खरखर

सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृताचा करडा भाग कधीच सपाट दिसत नाही. त्यावर बारीक दाणे पसरलेले असतात. सिग्नल प्रोसेसिंगकडे नव्याने वळलेले अनेक जण त्या सगळ्याला ‘नॉइज’ म्हणतात आणि एकाच फिल्टरने ते पुसायला निघतात. प्रत्यक्षात तिथे दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, स्पेकल आणि इलेक्ट्रॉनिक खरखर, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही.

हा फरक यंत्रासमोरच पाहता येतो. प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी पाठवून त्यांचे प्रतिध्वनी टिपणारे हातातले उपकरण, यकृतावर स्थिर धरावा आणि रुग्णाला क्षणभर श्वास रोखायला सांगावे. पडद्याच्या वरच्या भागातले दाणे जागच्या जागी गोठतात, तळाशी मात्र मुंग्यांसारखी वळवळ चालूच राहते. प्रोब किंचित कलता केला की वरची नक्षी बदलते, आणि तो पुन्हा अगदी पूर्वीसारखा धरता आला तर तीच नक्षी परत येते. गोठलेले ते स्पेकल, वळवळते ती खरखर.

मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ०.४४ मिलिमीटर भरते. त्याहून लहान असंख्य कणांवरून परतलेले प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. कुठे ते एकमेकांना बळ देतात आणि ठिपका उजळतो, कुठे एकमेकांना खोडून काढतात आणि तो काळवंडतो. त्यामुळे स्पेकल हा प्रतिध्वनीचाच भाग आहे. खरखर मात्र यंत्राच्या विद्युत मंडलांत जन्मते. खोलवरून येणारा प्रतिध्वनी इतका क्षीण झालेला असतो की टीजीसीने (जितक्या खोलवरून प्रतिध्वनी येतो तितका तो जास्त वाढवणाऱ्या सोयीने) तो वाढवताना तीही तितकीच वाढते, म्हणून तळाशी ती उघडी पडते.

खरखर दर फ्रेममध्ये नवी असल्याने १६ फ्रेमची सरासरी घेतली की ती चौथ्या हिश्श्यावर येते. स्थिर प्रोबखालचे स्पेकल मात्र सोळाही फ्रेममध्ये तेच असते. सरासरीने ते तसूभरही कमी होत नाही. त्यासाठी दृष्टिकोनच बदलावा लागतो, म्हणजे तोच भाग वेगवेगळ्या कोनांतून किंवा वेगवेगळ्या वारंवारतांनी पाहून त्या प्रतिमा एकत्र कराव्या लागतात. कोन खरोखर स्वतंत्र असतील तर ९ प्रतिमांनी स्पेकलचा चढउतार तिसऱ्या हिश्श्यावर येतो. शेजारचे कोन बरेचसे सारखेच पाहत असल्याने प्रत्यक्षात लाभ त्याहून कमी पडतो.

या उपायाची किंमतही मोजावी लागते. पित्ताशयातल्या खड्यामागे पडणारी काळी सावली हा डॉक्टरांचा भरवशाचा पुरावा असतो, आणि अनेक कोनांच्या मिश्रणात नेमकी तीच फिकट होते. प्रतिमा गुळगुळीत झाली म्हणजे सुधारली, असे मला म्हणवत नाही.

हृदयाच्या इकोमध्ये तर स्पेकलच कामाला येते. हृदयाच्या स्नायूसोबत सरकणारी दाण्यांची नक्षी एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये शोधत नेऊन स्नायू किती आखडतो ते मोजतात, आणि जोरकस फिल्टरने ते दाणे आधीच पुसले असतील तर मागोवा घ्यायला खूण उरत नाही.