व्हेनिसला कधी जावं? मे, दिवाळी की अधलामधला एखादा महिना
(आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

युरोपची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेक घरांचा महिना आधीच ठरलेला असतो. मुलांची परीक्षा संपली की मे, नाहीतर दिवाळीची सुट्टी. रोमला किंवा पॅरिसला त्याने फारसं बिघडत नाही. व्हेनिसचं तसं नाही. उथळ खाऱ्या पाण्यात, शंभरावर छोट्या बेटांवर वसलेलं हे शहर. गर्दी किती, उजेड किती आणि पायाखाली पाणी किती, हे तिन्ही तिथे महिन्यावर ठरतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रजेचं बंधन नसेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर मे, पण पहिला आठवडा सोडून, आणि सोमवार ते गुरुवार. दिवाळीलाही खुशाल जा, फक्त पाण्याचं गणित समजून घेऊन.

मे महिना

हवा छान असते, दुपारी 20-22 अंश. महिन्याच्या मध्याला सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणजे जेवणाआधी मोठी संध्याकाळ हाताशी. शाकाहारी मंडळींसाठी आणखी एक गोष्ट: सांतेरास्मो बेटावरचे कोवळे आर्टिचोक (तिकडची एक भाजी) एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला बाजारात येतात. रियाल्तो पुलाजवळच्या मंडईत सकाळी ते दिसतात.

अडचण गर्दीची. 25 एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन आणि व्हेनिसचे संरक्षक संत मार्क यांचाही दिवस; 1 मे कामगार दिन. दोन्ही सुट्ट्या जोडून खुद्द इटालियन लोकच फिरायला निघतात, म्हणून पहिला आठवडा टाळा असं आम्ही म्हणतो. शिवाय 2024 पासून एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, मुख्यतः शुक्रवार ते रविवार, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लागतं. 2025 साली ते वेळेत नोंदवल्यास 5 युरो आणि ऐनवेळी 10 युरो होतं. सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेला ते लागू असतं. मुक्कामी पाहुण्यांना आणि 14 वर्षांखालच्या मुलांना माफ आहे, पण मुक्काम असला तरी माफीची ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. आमच्याकडून बुकिंग असेल तर ही नोंद आम्ही करून देतो.

खरं तर महिन्यापेक्षाही मोठा प्रश्न मुक्कामाचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच सहलींमध्ये हॉटेल मेस्त्रेला असतं. हा भाग जमिनीवर, पुलापलीकडे. व्हेनिसला रेल्वेने दहा-बारा मिनिटं. हॉटेल स्वस्त पडतं आणि बस दारापर्यंत जाते, हे मान्य. पण मग तुम्ही दहाला शहरात शिरता आणि पाचला निघता, बाकी सगळ्यांबरोबर. सकाळी सातचा सान मार्को चौक आणि रात्री दहाची रियाल्तोची पायरी तुमच्या वाट्याला येतच नाही. सहलीतलं एखादं शहर कमी करा, पण इथे बेटावर दोन रात्री राहा. एवढं केलंत तर मेमधली गर्दीही सुसह्य होते.

दिवाळीची सुट्टी

ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबर हा तिथे ‘आक्वा आल्ता’चा, म्हणजे शहरात पाणी चढण्याचा हंगाम. कोकणातल्या माणसाला हे चटकन कळेल, कारण मुळात ही उधाणाची भरतीच. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते. त्यात आग्नेयेकडून सिरोक्को वारा सुटला आणि हवेचा दाब उतरला, की लांबट एड्रियाटिक समुद्राचं पाणी उत्तरेच्या टोकाला, म्हणजे व्हेनिसकडे ढकललं जातं. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, त्यामुळे दिवाळीत मोठी भरती ठरलेलीच. 12 नोव्हेंबर 2019 ला पाणी 187 सेंटिमीटरवर गेलं, त्या दिवशी आपल्याकडे त्रिपुरारी पौर्णिमा होती. पण नुसतं पंचांग पाहून चालत नाही. आजवरचा उच्चांक, 194 सेंटिमीटर, 4 नोव्हेंबर 1966 चा. तेव्हा अमावास्या आठ दिवस लांब होती. ते पाणी वाऱ्याने आणलं.

हे आकडे वाचून घाबरू नका. ते एका जुन्या ठरावीक पातळीपासून मोजतात. 100 म्हणजे रस्त्यात कमरेइतकं पाणी नव्हे. सान मार्को चौक शहरातल्या सर्वांत सखल जागांपैकी एक, तो 80-85 ला ओला व्हायला लागतो. दुसरं म्हणजे, ऑक्टोबर 2020 पासून समुद्राच्या तीन तोंडांशी बसवलेले ‘मोझे’ प्रकल्पाचे 78 दरवाजे वापरात आहेत. पाणी 110 च्या आसपास चढण्याचा अंदाज असला की ते उचलले जातात. तेव्हापासून, डिसेंबर 2020 मधला एक अपवाद सोडला, तर मोठा पूर शहरात शिरलेला नाही. त्याखालचं पाणी मात्र अजूनही चौकात येतं. चौकातल्या बॅसिलिकाभोवती, म्हणजे सान मार्कोच्या चर्चभोवती, त्यासाठी वेगळा काचेचा बांध घातला आहे.

पाणी आलं तरी काही तासांत ओहोटीबरोबर उतरतं. तेवढ्या वेळासाठी रस्त्यात लाकडी फळ्यांचे मार्ग मांडतात. त्यावर उभं राहून फोटो काढत बसू नका, मागची रांग खोळंबते. पाणी वर असताना काही वापोरेत्तो, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटी, ठरावीक पुलांखालून जाऊ शकत नाहीत आणि मार्ग बदलतात. म्हणून विमानाच्या दिवशी हाताशी जादा वेळ ठेवा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट इथून न्यायची गरज नाही, तिथे दुकानांत मिळतात.

दिवाळीत खटकणारी गोष्ट खरी वेगळीच आहे: उजेड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि त्याच दिवसापासून पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो. मुरानो आणि बुरानो ही बेटं एकाच दिवसात करायची असतील तर सकाळी आठला बोटीत बसलेलं बरं. नोव्हेंबरात गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही उतरतात, आणि 21 तारखेला गाठ पडली तर सालूते चर्चचा सण पाहायला मिळतो. 1630 च्या प्लेगमधून सुटका व्हावी म्हणून बोललेला हा नवस. त्या दिवशी गावकरी ग्रँड कॅनॉलवरच्या तात्पुरत्या पुलावरून मेणबत्त्या लावायला जातात.

बाकीचे महिने

जुलै-ऑगस्ट आम्ही सुचवत नाही. दमट उकाडा, डास, गर्दी. हे सोसायला एवढं भाडं भरून जायचं कशाला? एकच अपवाद, जुलैच्या तिसऱ्या रविवारच्या आदल्या रात्रीची रेदेंतोरे सणाची आतषबाजी. तिच्यासाठी खोली बरीच आधी घ्यावी लागते.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी जुन्या पद्धतीच्या बोटींची शर्यत, रेगाता स्तोरिका, असते. त्याच सुमाराला लीदो बेटावर चित्रपट महोत्सव चालू असतो, खोल्या महाग. तो उरकला, की आम्ही वर म्हटलेला काळ सुरू होतो. कलेची आवड असेल तर बिएनाले प्रदर्शनही तेव्हा उघडं असतं: सम वर्षी कला, विषम वर्षी वास्तुकला.

6 जानेवारीनंतर कार्निव्हलपर्यंत, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवापर्यंत, शहर सर्वांत रिकामं आणि स्वस्त. थंडी तीन-चार अंशांची, धुकं दाट. छायाचित्रकारांनी आणि नवपरिणितांनी विचार करावा; आजी-आजोबा बरोबर असतील तर नको. कार्निव्हल ईस्टरच्या 47 दिवस आधीच्या मंगळवारी संपतो, म्हणून तारखा दर वर्षी हलतात. मुखवटे पाहायचे असतील तर शनिवार-रविवार टाळून जा.

कोणत्याही महिन्यात न बदलणारं

गंडोलाचे दर पालिकेने ठरवलेले आहेत: दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 110, जास्तीत जास्त पाच माणसं. दर माणशी नव्हे, बोटीचा. शहरात गाड्या नाहीत आणि चारशेवर पूल, बहुतेकांना पायऱ्या. चाकांच्या मोठ्या बॅगा स्टेशनवर सामान ठेवण्याच्या जागी ठेवा आणि दोन दिवसांची छोटी पिशवी घ्या. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी आम्ही बोटीच्या थांब्याजवळचं, लिफ्ट असलेलं हॉटेल पाहतो, पण ते आधी कळवायला हवं.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45. मेसाठी अपॉइंटमेंट फेब्रुवारीतच घ्या, नंतर तारखा भरतात.

चौकशीला फोन करताना एवढं तयार ठेवा: शाळेच्या सुट्टीच्या तारखा, बरोबर किती माणसं आणि कोणत्या वयाची, पायऱ्या चढण्याची अडचण कुणाला आहे का, आणि बेटावर किती रात्री राहायची तयारी आहे.